रंगाचे तीन हात

नारळी पौर्णिमेच्या दिवशी दिवाळे गावात गोटीराम कोळ्याच्या दारी दोन पूजा मांडल्या होत्या, एक होडीची आणि एक मोटारीची. होडी त्याची स्वतःची, मोटार धाकट्या लेकाची, धर्माची. खाडीला नारळ दिला, दोघींना झेंडूचे हार घातले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी थोरल्या लेकाला घेऊन गुमान पाण्यात गेली. मोटार मात्र हार घालून घेऊन जागच्या जागी बसून राहिली.

मोटार म्हणजे एक जुनी विलायती स्टेशन वॅगन. पुढून मोटार, मागून लाकडी खोका. धर्मा ठाण्याला एका गॅरेजात सात वर्षं कामाला होता. ही वॅगन तिथे कोपऱ्यात धूळ खात पडली होती. इंजिन आतून पार जाम झालेलं. मालक एकदा म्हणाला, ‘‘धर्मा, ने बाबा हिला, जागा तरी मोकळी होईल,’’ आणि धर्मानं तो शब्द खाली पडू दिला नाही. बैल जोडून त्यानं ती बेलापूरच्या रस्त्यानं ओढत आणली. पावसाळ्यात कुर्ल्याच्या भंगारबाजारातून त्याच जातीच्या गाडीचं इंजिन शोधून काढलं. ते कुर्ल्याहून ट्रॉम्ब्याला आलं आणि ट्रॉम्ब्याहून मचव्यात बसून खाडी ओलांडून दिवाळ्याला उतरलं. दारातल्या चिंचेच्या फांदीला होडीचीच कप्पी बांधली, जुनं इंजिन वर खेचलं, नवं हळूहळू खाली सोडलं. मदतीला शिरवण्याचा पंढरी. तो तिकडच्या नव्या कारखान्यात फिटर होता आणि धर्माचा लहानपणापासूनचा जोडीदार.

पौर्णिमेला पूजा झाल्यावर धर्मा आत बसला. हात जोडले, किल्ली फिरवली, इंजिनाला पहिली गिरकी देणाऱ्या सेल्फचं बटण दाबलं.

टक्.

एवढाच आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. हॉर्न वाजत होता, पुढचे दिवे लख्ख पेटत होते, पण इंजिन ढिम्म.

‘‘बसंल थोडी,’’ धर्मा हसत म्हणाला. ‘‘नवीन घरात आलंय इंजन, लाजतंय.’’

जमलेल्या बायका हसल्या. धर्माची बायको कमळी मात्र हसली नाही. कारण ही वॅगन सुरू व्हायला हवी होती ती सगळ्यांत आधी तिच्यासाठी.

त्याचं असं झालं होतं. दिवाळ्याच्या सात बायका म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन ठाण्याच्या बाजाराला जात, कमळी त्यांतली एक. इतकी वर्षं त्या बेलापूरच्या नामाच्या ट्रकमधून जायच्या. नामाच्या ट्रकात आधी बर्फ, मग टोपल्या आणि उरलेल्या जागेत बायका. दोन वर्षांपूर्वी कळव्याच्या अलीकडे चाक खड्ड्यात बसलं तेव्हा त्यानं बायकांना भर उन्हात खाली उतरवलं होतं आणि टोपल्यांसकट चालत धाडलं होतं; चाक निघाल्यावरही तो त्यांच्यासाठी थांबला नव्हता. कमळीनं यंदा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, ‘‘पहिल्या म्हावऱ्याला आपन आपल्या गाडीनं जायचं. ही गाडी सुटली तर आपली सुटेल, थांबली तर आपल्यासाठी थांबेल.’’ सगळ्यांत वडील होती शेवंताबाई. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी नामाच्या दारात जाऊन, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, यंदा तुझी गाडी नको म्हणून सांगून आली. आता माघारी फिरायला तोंड नव्हतं.

आणि पहिला दिवस चुकवून चालण्यासारखं नव्हतं. बाजारात ओट्यांचा रिवाज ठरलेला. पावसाळ्यानंतर पहिल्या म्हावऱ्याच्या दिवशी जी ज्या ओट्यावर बसली, तो ओटा होळीपर्यंत तिचा. त्या दिवशी ओटा रिकामा दिसला की शेजारीण आपल्या कुणाला तरी बोलावून बसवून घेई. मग वर्षभर भांडा, रडा, काही उपयोग नाही. गटाराच्या कडेला उन्हात पाटी टेकायची. शेवंताबाई त्या एका ओट्यावर एकवीस वर्षं बसत होती.

होड्या सोमवारी गेल्या. बुधवारी सकाळी परतणार.

सोमवारी उजाडल्यापासून धर्मा वॅगनच्या तोंडात डोकं घालून बसला. पंढरीनं कारखान्यात सुट्टी टाकली होती. आधी हँडल मारून झालं. हँडलनं इंजिन फिरत होतं, म्हणजे जाम नव्हतं, पण पेट काही घेत नव्हतं. मग गावातले आठ-दहा जण गोळा करून वॅगन नाक्यापर्यंत ढकलत नेली. धर्मानं गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं एक हिसका दिला आणि ढकलणारे चौघे चिखलात पडले. साधी खोकलीसुद्धा नाही ती.

‘‘पेट्रोल येतंय,’’ पंढरी कार्बोरेटर बघून म्हणाला. ‘‘करंट बघ.’’

धर्मानं प्लग काढला, तार लावून इंजिनावर टेकवला. पंढरीनं हँडल मारलं. ठिणगी नाही. दुसरा प्लग, तिसरा, चौथा. कुठेच ठिणगी नाही.

‘‘कॉइल गेली. ठिणगीचा करंट तीच देते,’’ पंढरी म्हणाला.

‘‘आन् सेल्फ? तोबी गेला? दोन्ही एका दिवशी मेले काय?’’

त्यांनी सेल्फ खोलून बाहेर काढला. खोलताना निळ्या रंगाचे पापुद्रे पडले, ते धर्मानं फुंकरीनं उडवले. जमिनीवर ठेवून बॅटरीच्या दोन तारा लावल्या, तर सेल्फ असा गरकन फिरला की पंढरीच्या हातातून निसटून कोंबड्यांच्या मागे धावला. कोंबड्या कोकलत पळाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सेल्फ पुन्हा बसवला, बटण दाबलं. टक्.

कमळीचा त्या दिवशी श्रावणी सोमवार. ती चहाचे दोन पेले घेऊन आली तेव्हा पंढरी कपाळाला हात लावून बसला होता.

‘‘वैनी, तुमचा उपास तर सांजच्याला सुटंल,’’ तो म्हणाला. ‘‘हिनं धरलाय त्याचं काय करायचं?’’

‘‘भावोजी, तुमी चा प्या,’’ कमळी म्हणाली. ती कमी बोले. चिडली की आणखी कमी.

मंगळवारी सकाळी धर्मा कॉइल पिशवीत घालून ठाण्याला गॅरेजात गेला आणि दुपारी परत आला. उस्तादानं कॉइल तपासली, दुसऱ्या गाडीला लावून बघितली. चांगली खणखणीत होती. बॅटरीही भरलेली. जे जे बाहेर काढावं ते ते धडधाकट, आणि वॅगनमध्ये बसवलं की मढं.

त्याच दुपारी नामा आला. ट्रक नाक्यावर उभा करून, हातात रुमाल फिरवत. वॅगनभोवती एक चक्कर मारली.

‘‘रंग मात्र झकास हाय, धर्मा. होडीवानी. पान्यात सोडून बघ, तरंगंल.’’

‘‘काम बोल.’’

‘‘माझं काय काम! शेवंताबाईंना इचारायला आलो. उद्याची जागा ठेवू का? वाटेत दिघ्याच्या बायका चढनार हायत, मग गाडी भरली म्हनून बोलू नका.’’

शेवंताबाई पडवीत बसून सुपारी कातरत होती. तिनं कमळीकडे पाहिलं. कमळीच्या तोंडावर काही दिसेना, तेव्हा ती म्हणाली, ‘‘उद्या होड्या लागल्या की सांगते. तुझी गाडी नाक्यावरनंच जाते ना? थांब तिथं जरा.’’

‘‘मी कुनासाठी थांबत नाय, मावशे.’’

‘‘ठाव हाय रं मना. दोन वर्षांमागं कळव्याला थांबला नव्हतास.’’

नामा गेला. बायका मात्र कुजबुजू लागल्या. कुणी म्हणाली दृष्ट लागली, कुणी म्हणाली मेलेल्या गाडीचं काळीज दुसरीत घातलं की ते रुजायला वेळ लागतो. गंगू नावाची एक तरणी बाई होती, नवरा होडीवर, घरात सासू आजारी. ती कमळीला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘कमळे, मना एकदाच सांग. उद्या जाऊ ना आपन?’’

कमळी म्हणाली, ‘‘जाऊ.’’ आणि म्हटल्यावर तिलाच वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर बोललो?

रोज सकाळी गावदेवीपुढे दिवा लावल्याशिवाय कमळी कुणाशी बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासूनचा तिचा नेम. बुधवारी ती दिवा लावून उभी राहिली, पण देवीकडे तिनं गाडी मागितली नाही. आपल्या हातचं सगळं करून मग मागावं, आधी मागू नये, असं तिला वाटे. हातचं सगळं झालं की नाही, हेच तिला अजून कळत नव्हतं. देवळातून बाहेर आली तर खाडीच्या तोंडाशी शिडं दिसत होती. चार, मग सहा. होड्या येत होत्या. वारा पडलेला होता, म्हणजे धक्क्याला लागायला अजून तासभर तरी जाणार.

घरी आली तर धर्मा वॅगनच्या पायरीवर बसलेला. हात काळे, डोळे लाल. पंढरी आडवा पडून खालून काहीतरी बघत होता.

कमळी समोर उकिडवी बसली.

‘‘अवो, एक इचारू? हसू नका.’’

‘‘हसायची ताकद कुठं हाय.’’

‘‘तो सेल्फ बाहेर फिरतो आन् आत फिरत नाय. तर बाहेर असताना तुमी काय येगळं करता?’’

‘‘काय येगळं? काय नाय. दोन तारा लावतो.’’

‘‘आन् आत?’’

‘‘आत एकच लागते.’’

‘‘दुसरी का नाय?’’

धर्मानं सुस्कारा टाकला. बायकोला मोटार शिकवायची ही वेळ नव्हती. तरी ती विचारत होती म्हणून त्यानं सांगितलं. ‘‘अगो, करंट जातो तसा बॅटरीत परत यायला पायजे. जायला तार. परतायला गाडीचं अंगच. इंजनातून सांगाड्यात, सांगाड्यातून बॅटरीत. समदं लोखंडच ना.’’

‘‘इंजन तर रबरावर बसलंय. तुमीच बोललात, हादरे बसू नयेत म्हनून चारी पायांखाली रबर.’’

‘‘म्हनून तर पट्टी असते. इंजनाला एक टोक, सांगाड्याला एक टोक. रबराला वळसा घालून करंट जातो तिच्यातनं.’’

‘‘कसली पट्टी?’’

‘‘तांब्याची. विणलेली. वेनीसारखी. मी सोता बसवलीय शुक्रवारी, पक्की कसून.’’

कमळीच्या डोळ्यांपुढे शनिवार उभा राहिला.

शनिवारी धर्मा ठाण्याला गेला होता. त्या दिवशी सकाळी सासरा गोटीराम होडीला रंग देऊन उठला, तसाच रंगाचा डबा घेऊन वॅगनपाशी आला. कमळीला आश्चर्य वाटलं होतं. लेक समुद्र सोडून मोटारींच्या मागे लागला म्हणून म्हाताऱ्यानं वर्षभर त्या वॅगनकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, ‘‘आपल्या दारातनं खाऱ्या वाऱ्यात जानार ही. उघडी कशी जाईल?’’ आणि होडीला देतो तसाच रंग, मुशीच्या माशाचं तेल घालून कालवलेला, त्यानं वॅगनला द्यायला घेतला. बाहेरून दिला, आतून दिला, बोनेट उघडून इंजिनालाही दिला. कमळीनं डबा धरला होता. त्या तेलाचा उग्र वास दोन दिवस तिच्या केसांत होता. होडी रंगवताना कोळी लोखंडाची पट्टी तशीच ठेवून भोवतीनं रंग मारत नाही. पट्टी काढतो, खालची जागा रंगवतो, पट्टी दोन्ही अंगांनी रंगवतो आणि मग पुन्हा ठोकतो. कारण उघडं राहिलं की तिथूनच सडायला लागतं. गोटीरामनं वॅगनचंही तसंच केलं होतं. पाना लावून जे जे सुटेल ते ते सोडवलं, खाली रंग, वर रंग, आणि वाळलं की पुन्हा बसवलं. त्यात ती वेणीसारखी पट्टीही होती. कमळीला नीट आठवत होतं, कारण वेणीच्या पेडांत रंग जावा म्हणून म्हाताऱ्यानं ती डब्यातच बुडवली होती. तीन वेळा.

‘‘ती मामांनी काढली होती,’’ कमळी म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘ती वेनी. शनवारी. काढून रंगवली. खालची जागाबी रंगवली. सेल्फ बसतो तिथलीबी. रंगातनं करंट जातो का हो?’’

वॅगनखालून पंढरीचं डोकं बाहेर आलं. ‘‘काय बोलल्या वैनी?’’

धर्मा उभा राहिला, पुन्हा बसला. मग बोनेटवर ओणवा होऊन त्यानं पट्टीवर नख ओढलं. निळ्याखाली निळं, त्याखाली निळं. तांबं कुठेच नाही.

‘‘आयला!’’ तो ओरडला. ‘‘दोन दिवस! दोन दिवस मी कॉइल घेऊन ठाण्याला नाचतोय, आन् बाबांनी...’’

‘‘हळू,’’ कमळी म्हणाली.

गोटीराम पंधरा पावलांवर, अंगणाच्या टोकाला जाळं विणत बसला होता. कान तिखट होते त्याचे. तिथेच सहाही बायका टोपल्या घेऊन येऊन बसल्या होत्या. होड्या आता चांगल्या मोठ्या दिसत होत्या.

‘‘पाना द्या,’’ धर्मा म्हणाला.

‘‘थांबा. आधी मी त्यांना सांगते.’’

‘‘सांगायचं काय त्यात? येळ कुठं हाय? खरवडतो आन् बसवतो.’’

‘‘ते बघतील ना, तुमी त्यांचा रंग खरवडताना. वर्षानं हात लावला त्यांनी गाडीला. सांगते मी.’’

पंधरा पावलं ती चालत गेली. तेवढ्यात तिनं तीन खोटी कारणं मनात तयार केली. पट्टी बदलायची आहे म्हणावं, नाहीतर पंढरीनं चुकून रंग उडवला म्हणावं, नाहीतर दुसऱ्या जागी बसवायची म्हणावं. सासऱ्यापुढे उभी राहिली तर त्यानं मान वर केली आणि ती तिन्ही कारणं जागीच विरली.

‘‘मामा, शनवारी ती वेनीसारखी पट्टी तुमी काढून रंगवली होती ना?’’

‘‘व्हय. खालची जागाबी. का? सुटली?’’

‘‘सुटली नाय. पन तिच्यातनं करंट जायला पायजे, आन् रंगातनं तो जात नाय.’’

गोटीरामच्या हातातली विणायची काडी थांबली.

‘‘म्हंजे माझ्या रंगानं गाडी अडली?’’

शेवंताबाईनं अडकित्ता मिटला. कमळीला वाटलं, आता कुणीतरी खोकावं, काहीतरी पडावं. पण त्यानं सरळ विचारलं होतं.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली.

‘‘तीन हात दिले मी. तेल घालून. थेंब जायचा नाय आत.’’

‘‘थेंब जात नाय तसा करंटबी जात नाय, मामा. होडीत पानी आडवायचं असतं. हितं वाट द्यायची हाय.’’

म्हाताऱ्यानं काडी जाळ्यात खोचली, तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि एकदम गरजला, ‘‘धर्मा!’’

‘‘काय बाबा?’’

‘‘दोन दिस त्या गाडीला धक्के मारतोस. सगळा गाव पाडलास चिखलात. मी हितं बसलोय. येऊन एकदा इचारलंस का, बाबा, तुमी काय काय उघडलं होतं म्हनून?’’

‘‘मना वाटलं, तुमाला गाडीतलं काय...’’ धर्मा मध्येच थांबला.

‘‘गाडीतलं मना काय कळत नाय. पन मी काय केलं ते तरी मना कळतं का नाय?’’

पंढरीनं तोंड फिरवलं, हसू दाबायला. धर्मा खाली बघून पाना चाचपू लागला.

गोटीराम पडवीत गेला आणि होडीच्या बुडाची कालवं खरवडायचं पातं घेऊन आला. धर्मानं हात पुढे केला. ‘‘द्या बाबा, मी करतो. येळ नाय.’’

‘‘सरक. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मना ठाव हाय कुठं किती बसलाय तो.’’

धर्मानं बोल्ट सोडले, पंढरीनं सेल्फ पुन्हा उतरवला आणि म्हाताऱ्यानं पातं चालवायला घेतलं. घाई नाही, उसंतही नाही. एक ओढ, एक फुंकर. सांगाड्यावरची, इंजिनावरची आणि सेल्फखालची जागा रुपयाएवढी उघडी झाली, मग त्यानं ती वाळू लावलेल्या चिंधीनं घासली. पट्टीच्या पेडांतून रंग निघेना, तेव्हा कमळीनं चुलीतला निखारा चिमट्यात धरून आणला. रंग करपला, उग्र वास सुटला, आणि दगडावर आपटल्यावर त्याचे कपचे पडले. आतून तांबं लाल दिसू लागलं.

पहिली होडी धक्क्याला लागली. बायका टोपल्या घेऊन खाली धावल्या. त्या म्हावरं घेऊन वर आल्या तेव्हा नाक्यावर नामाच्या ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग ट्रक थेट अंगणाच्या तोंडाशी आला.

‘‘काय मावशे? येताव का? अजून ऑपरेशनच चाललंय हितं.’’

सेल्फ अजून जमिनीवर होता. पट्टी गोटीरामच्या हातात. बायका कमळीकडे बघू लागल्या. पाटीतल्या बोंबलांवर माश्या बसायला लागल्या होत्या.

कमळी म्हणाली, ‘‘मी जाऊ म्हनाले होते. अजून म्हनते. पन ज्यांना भ्या वाटतं त्यांनी नामाबरोबर जा, मी रुसनार नाय. ओटा जाता कामा नये कुनाचा.’’

कुणी हललं नाही. मग गंगू उठली. कमळीकडे न बघता तिनं टोपली डोक्यावर घेतली. ‘‘घरी सासू हाय गो माझी,’’ एवढंच बोलली. कमळीनंच पुढे होऊन तिची टोपली ट्रकात वर दिली.

‘‘आनि कोन?’’ नामानं विचारलं.

शेवंताबाई पदर खोचत म्हणाली, ‘‘मना एकवीस वर्षांत तुझ्या गाडीत पाय लांब करायला मिळाले नायत. आज करनार हाय. जा तू.’’

ट्रक गेला. त्याच्या धुराचा वास अंगणात होता तोवर धर्मानं सेल्फ कसला. पट्टीचं एक टोक इंजिनाला, दुसरं सांगाड्याला लावलं, उघड्या लोखंडावर उघडं तांबं. गोटीराम वाकून बघत होता.

‘‘आता हे असंच उघडं ठेवनार? चार दिसांत गंजंल.’’

‘‘कसल्यावर वरनं ग्रीस लावायचं, बाबा. आत नाय, वरनं.’’

‘‘मग ते मी लावनार,’’ म्हातारा म्हणाला, आणि बोट भरून ग्रीस घेऊन त्यानं दोन्ही बोल्ट असे लिंपले की फट म्हणून राहिली नाही.

धर्मा आत बसला. ह्या वेळी त्यानं हात जोडले नाहीत, त्याला सुचलंच नाही. किल्ली फिरवली, दिवे लावले आणि बटण दाबलं. पुढच्या दिव्यांचा उजेड क्षणभर मंद झाला, दोन दिवसांत पहिल्यांदाच; सेल्फ करंट ओढत होता. इंजिन घुरघुरलं, एक गिरकी, दुसरी. मग मागून निळा धूर निघाला आणि सगळी वॅगन थरथरू लागली. पंढरीनं टोपी उडवली, ती चिंचेत अडकली.

‘‘बंद करू नकोस!’’ शेवंताबाई ओरडली. ‘‘आधी आमाला बसू दे!’’

टोपल्या चढल्या, बायका चढल्या. कमळी सगळ्यांत शेवटी. गोटीराम दाराशी उभा होता. दार लावताना त्यानं लाकडावरून तळवा फिरवला, होडी पाण्यात लोटताना फिरवतो तसा, आणि लोटल्यासारखाच एक हलका धक्का दिला.

घणसोलीच्या पुढे रस्ता खराब होता, पण वॅगन चालली. ऐरोलीच्या शेतांपाशी शेवंताबाईनं खरोखरच पाय लांब केले आणि बाजूच्या मैनाच्या टोपलीला लाथ बसली, त्यावरून दोघींचं थोडं वाजलं. दिघ्याच्या आधी एके ठिकाणी नामाचा ट्रक कडेला उभा दिसला. मागे नव्या बायका चढत होत्या, टोपल्या वर-खाली चालल्या होत्या. त्या गर्दीत गंगू ट्रकात कुठे दबून बसली होती ते दिसलं नाही. धर्मानं हॉर्न द्यायला हात उचलला.

‘‘नको,’’ कमळी म्हणाली. ‘‘चला.’’

बाजारात पोचल्या तेव्हा अर्धे ओटे भरले होते. शेवंताबाई जाऊन आपल्या ओट्यावर अशी बसली की जणू कालच उठून गेली होती. बाकीच्या आपापल्या जागी गेल्या. कमळीचा ओटा चौथा. तिच्या शेजारचा पाचवा गंगूचा, तो रिकामा. पलीकडची एक उरणची बाई त्याच्याकडे बघत कुणाला तरी हात करून बोलावत होती.

कमळीनं आपल्या टोपलीतल्या बोंबलांचे दोन वाटे केले. अर्धे आपल्या ओट्यावर मांडले. उरलेले पाचव्यावर मांडले, वर पाण्याचा हात मारला, आणि ओलं गोणपाट अंथरून त्या दोन ओट्यांच्या मध्ये, अर्धी इकडे अर्धी तिकडे, बसली.

‘‘हा कुनाचा गो?’’ उरणची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘दिवाळ्याच्या गंगूचा.’’

‘‘ती कुठं हाय? दिसत तर नाय.’’

‘‘येते मागनं,’’ कमळी म्हणाली. ‘‘तिचे बोंबील आले हायत पुढं. कसे देऊ?’’